नागपूरहून परदेशी जाताना कुत्र्या-मांजराला सोबत कसं न्यावं: चिपपासून विमानतळापर्यंत

परदेशातली नोकरी पक्की झाली की व्हिसा, मुलांची शाळा, तिथलं घर अशी धावपळ सुरू होते. कुत्र्या-मांजराचा विषय निघतो तो अगदी शेवटी, तिकिटं काढून झाल्यावर. नेमकं तिथेच गाडं अडतं, कारण या कामात पैसे टाकून घाई करता येत नाही. रक्ततपासणीनंतर तीन महिने थांबायचं असा नियम असेल तर तीन महिने थांबावंच लागतं. ते दिवस एजंट कमी करू शकत नाही आणि विमान कंपनीही नाही. हे कुणी वेळेवर सांगितलं नाही, एवढ्याच कारणाने माझ्या ओळखीतली काही जनावरं इथेच राहिली.

आम्ही प्रतापनगरहून म्युनिकला आलो ते भुरीला घेऊन. भुरी आमची देशी कुत्री, अठरा किलोची. त्यामुळे खालची बरीचशी उदाहरणं जर्मनीची आहेत, पण कामाचा क्रम कुठेही जायचं असलं तरी जवळपास हाच आहे. नागपूरकरांसाठी दोन गोष्टी वेगळ्या आहेत: आपल्याकडे पशु-संगरोधाचं (जनावरांची सरकारी तपासणी करून परदेशी न्यायचा दाखला देणारं) केंद्र नाही, आणि आपला उन्हाळा. दोन्हींचा विचार पहिल्या दिवसापासून करा.

१. आधी देश, मग नियम

‘परदेश’ या एका नावाखाली सगळे देश येत नाहीत. रेबीजच्या बाबतीत भारत बहुतेक देशांच्या लेखी जास्त धोक्याचा देश आहे, म्हणून आपल्यावर अटी कडक असतात.

युरोपीय संघातले देश (जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स वगैरे): कातडीखाली बसवायची ओळख-क्रमांकाची मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची टायटर टेस्ट (लस अंगात लागू झाली का हे पाहणारी तपासणी), आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबणं. कुत्रा असो वा मांजर, नियम सारखेच. आयर्लंड, फिनलंड आणि माल्टा इथे कुत्रा न्यायचा असेल तर पोहोचण्याच्या २४ ते १२० तास आधी पट्टकृमीचं (पोटातल्या चपट्या जंतांचं) औषध डॉक्टरांसमोर देऊन त्याची नोंद घ्यावी लागते. संघाबाहेरच्या नॉर्वेचीही हीच अट आहे.

ब्रिटन: वरचं सगळं, कुत्र्याला पट्टकृमीचं औषधही, आणि शिवाय विमानाने येणारं पाळीव जनावर फक्त कार्गोतूनच येऊ शकतं. मांडीवर घेऊन लंडनला उतरता येत नाही.

अमेरिका: कुत्र्यांचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून बदलले. कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) डॉग इम्पोर्ट फॉर्म हवा. भारतात लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सीडीसीचाच लस आणि चिपचा वेगळा दाखला लागतो, आणि त्यावर आपल्या सरकारी पशुवैद्यकाची सही-शिक्का लागतो. सीडीसीकडे नोंद असलेल्या प्राणी केंद्रात आधीच जागा राखावी लागते आणि अशी केंद्रं असलेल्या ठरावीक विमानतळांवरच उतरता येतं. टायटर टेस्टचं रक्त पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि अमेरिकेत पोहोचण्याच्या किमान २८ दिवस आधी काढलेलं हवं. रिपोर्ट नसेल तर २८ दिवसांचं क्वारंटाइन, तेही आपल्या खर्चाने. मांजरांसाठी सीडीसी रेबीजचा दाखला मागत नाही, पण राज्याचे आणि विमान कंपनीचे नियम बघावेच लागतात.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड: भारतातून थेट नेता येत नाही. आधी त्यांनी मान्य केलेल्या तिसऱ्या देशात जनावराला ठेवून, तिथली प्रक्रिया पूर्ण करून मग पुढे. हे काम महिन्यांचं आहे, खर्चही फार मोठा आहे. स्वतःच्या बळावर करू नका, अनुभवी एजंट घ्या.

आखाती देश: आधी आयात परवाना, मग बाकी सगळं. परवाना हातात येईपर्यंत तिकीट काढू नका.

जातीवरची बंदीही आत्ताच तपासा. पिटबुल टेरिअर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरिअर, स्टॅफर्डशायर बुल टेरिअर आणि बुल टेरिअर या जाती जर्मनीत आणताच येत नाहीत. त्यांचे संकरही नाही. आपल्या देशी कुत्र्यांना ही अडचण नाही, पण लसीकरण पुस्तिकेत ‘जात’ या रकान्यात कुणी अंदाजाने काहीतरी रुबाबदार नाव लिहिलं असेल तर ते बदलून घ्या. देशी असेल तर देशीच लिहा.

पोपटाबद्दल एक वाक्य, कारण नागपुरात अजूनही घराघरात पिंजरे दिसतात: आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळणंच बेकायदा आहे, मग परदेशी नेणं दूरच.

२. न्यायचं का, हे मनाशी नीट ठरवा

हा टप्पा लोक सोडून देतात. हृदयाचा आजार असलेलं, फार म्हातारं किंवा गाभण जनावर एवढ्या लांबच्या प्रवासाला नेऊ नये असं मला ठाम वाटतं. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्या जातींना उष्णतेत आणि ताणात श्वास घेणं जड जातं. कित्येक विमान कंपन्या त्यांना पोटातल्या कप्प्यात घेतच नाहीत. तुमचा पग बारा वर्षांचा असेल आणि आजी-आजोबा धरमपेठेच्या घरात त्याला प्रेमाने सांभाळणार असतील, तर त्याला तिथेच राहू देणं ही त्याच्यावरची मायाच आहे.

उलट, धडधाकट जनावर निव्वळ कागदांच्या भीतीने सोडून जाऊ नका. आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, “तिले तिकडची थंडी मानवन का वं?” भुरीला थंडी मानवली. आमच्यावाचून राहणं तिला मानवलं नसतं.

३. कॅलेंडर उलटं मांडा

जायची तारीख लिहा आणि तिथून मागे या. युरोपसाठी कमीत कमी हिशेब असा: १ जूनला चिप आणि त्याच दिवशी चिपनंतर लस, २ जुलैला रक्त, २ ऑक्टोबरपासून पुढे प्रवास. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने. लस नीट लागू झाली नाही, नमुना वाटेत खराब झाला, तर हिशेब पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हातात सहा महिने धरा.

आणि इथे नागपूरचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा धावपट्टीलगत उभा असलेला क्रेट (जनावर नेण्याचा बंद पिंजरा) ही जिवावरची गोष्ट असते. विमान कंपन्याही फार उष्णतेत जनावरं घेत नाहीत. माझं सांगणं असं की प्रवास नोव्हेंबर ते फेब्रुवारीत बसवा आणि चिप-लसीचं काम मे-जूनमध्येच उरकून घ्या. नोकरी आधी सुरू होत असेल तर घरातलं एक माणूस पुढे जाऊ द्या आणि दुसऱ्याने जनावरासोबत मागून यावं. जनावर आणि कागदोपत्री त्याचा मालक असलेलं माणूस यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर युरोपात ते व्यापारी वाहतुकीच्या नियमांत जातं, हे मात्र लक्षात असू द्या.

४. आधी चिप, मग लस

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा: चिपच्या आधी दिलेली रेबीजची लस युरोपच्या हिशेबात धरली जात नाही. तुमच्या कुत्र्याला दरवर्षी लस दिलेली असेल, पुस्तिका भरलेली असेल, तरीही. चिप बसवा आणि त्यानंतर लस पुन्हा घ्या. एकाच दिवशी चालतं, पण क्रम चुकवू नका. लसीच्या दिवशी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं.

चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी हवी. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू मानेच्या मागे, खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने सोडतात. त्रास लसीपेक्षा थोडासाच जास्त. नागपुरात चिप बरेच खासगी दवाखाने बसवतात. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना तुम्हाला माहीत असेलच. तिथल्या किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोनवर एवढंच विचारा की चिप १५ अंकी आहे का आणि वाचायला स्कॅनर आहे का. स्कॅनर नसेल तिथे चिप बसवू नका.

बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा स्कॅन करायला सांगा. स्कॅनरच्या पडद्यावर आलेला आकडा, चिपच्या स्टिकरवरचा आकडा आणि पुस्तिकेत लिहिलेला आकडा हे तिन्ही तिथेच उभं राहून एकेक अंक मोठ्याने वाचत ताडून पाहा. भुरीच्या वेळी शहरातल्या एका दवाखान्यात पुस्तिकेत दोन अंक उलटसुलट लिहिले गेले होते. डॉक्टर म्हणाले, चालतं हो. चालत नाही. त्याच वेळी नवं पान लिहून घेतलं. पुढे प्रत्येक कागदावर हाच आकडा उतरतो आणि एका अंकाच्या फरकाने ते जनावर कागदोपत्री दुसरं ठरतं.

पुस्तिकेत या गोष्टी असल्याच पाहिजेत: चिप बसवल्याची तारीख, लसीचं नाव, बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर, लस दिल्याची तारीख, ती कधीपर्यंत लागू ती तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. खाडाखोड नको, व्हाइटनर तर अजिबात नको. मालकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर.

५. टायटर टेस्ट

लस टोचली म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती तयार झालीच असं नसतं. ती झाली का हे या तपासणीत कळतं. रक्तातल्या रेबीजविरोधी प्रतिपिंडांचं प्रमाण प्रति मिलिलीटर ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त यायला हवं.

लॅब कुठलीही चालत नाही. युरोपला जायचं तर युरोपीय संघाने मान्य केलेल्या यादीतलीच, अमेरिकेला जायचं तर सीडीसीच्या यादीतली. फ्रान्समधल्या नॅन्सीची आन्सेस, अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठाची रेबीज लॅब ही यातली जुनी नावं. मला एका एजंटाने सांगितलं होतं, “ताई, कोणत्याही चांगल्या लॅबचा रिपोर्ट चालते.” असं कुणी म्हणालं की लॅबचं नाव विचारा, मान्यतेच्या यादीत ते स्वतः शोधा, मगच पैसे द्या.

रक्त काढतात पायाच्या नाहीतर मानेच्या शिरेतून. लॅबला जातं ते रक्त नाही, सीरम. रक्त थोडा वेळ ठेवून, यंत्रात फिरवून वरचा पिवळसर द्रव वेगळा काढतात आणि छोट्या नळीत भरतात. नळीवर चिपचा आकडा आणि रक्त काढल्याची तारीख लिहिलेली हवी. त्या दिवशीही आधी चिप स्कॅन करून घ्या आणि लॅबच्या फॉर्मवर आकडा डॉक्टरांच्या हातूनच लिहून घ्या. पुढे नळी बर्फाच्या पाकिटांमध्ये, तीन थरांच्या पॅकिंगमध्ये जाते. जैविक नमुना परदेशी पाठवायला कुरिअरचे वेगळे कागद लागतात. कुठलाही नेहमीचा कुरिअरवाला ते घेत नाही. पूर्ण कामासाठी एजंट नको असला तरी एवढ्या एका पायरीसाठी मदत घेणं मला शहाणपणाचं वाटतं.

एकदाच लस झालेल्या तरुण जनावरांचा आकडा कधीकधी कमी येतो. म्हणून पुष्कळ डॉक्टर चिपनंतरची लस आणि त्यानंतर काही आठवड्यांनी बूस्टर देऊन मगच रक्त काढतात. तुमच्या डॉक्टरांशी हे आधीच बोला. रिपोर्ट नापास आला तर जाणारे महिने त्यापेक्षा महाग पडतात.

रिपोर्ट पास झाला की युरोपसाठी तो जन्मभर चालतो. अट एकच: रेबीजचा बूस्टर एकदाही मुदत उलटून घेतलेला नसावा. एक दिवस जरी उशीर झाला तरी पुन्हा लस, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिने.

६. थांबण्याच्या महिन्यांत क्रेटची सवय

हे तीन महिने रिकामे नाहीत. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं हेच खरं काम, बाकी कागद आहेत.

क्रेट आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या जिवंत प्राण्यांच्या नियमांप्रमाणे हवा. माप असं घ्या. जनावर सरळ उभं करा. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग मिळवला की क्रेटची आतली लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट म्हणजे आतली रुंदी. उभं असताना डोक्याचं किंवा कानाचं टोक, जे वर असेल तिथपर्यंत, अधिक अंथरुणाची जाडी म्हणजे उंची. उदाहरणार्थ लांबी ७५ सेंमी, कोपर ३२ सेंमीवर, तर क्रेट आतून किमान ९१ सेंमी लांब. चपट्या नाकाच्या जातींना १० टक्के मोठा.

दार लोखंडी जाळीचं, दोन्ही भाग प्लॅस्टिकच्या खटक्यांऐवजी धातूच्या नटबोल्टने जोडलेले, चारही बाजूंनी हवा, पाण्याची आणि खाण्याची वाटी बाहेरून भरता येईल अशी दाराला अडकवलेली, चाकं असतील तर काढलेली. बाजारातले स्वस्त क्रेट बहुतेक खटक्यांचे असतात. ते परत पाठवले जातात.

क्रेट आणला की दार काढून हॉलमध्ये ठेवा. आत तुमची जुनी चादर किंवा टी-शर्ट टाका. भुरीचं जेवण आम्ही पहिल्या दिवसापासून आतच ठेवलं. सुरुवातीला ती मान लांब करून, मागचे दोन्ही पाय बाहेर रोवून खायची. काही दिवसांनी आत बसून खाऊ लागली, मग दुपारी स्वतःहून तिथे झोपायला लागली. त्यानंतरच दार बसवलं, आधी क्षणभर बंद, मग वाढवत वाढवत रात्रभर. आत कोंडल्यावर रडत असेल तर तुम्ही घाई केली आहे, एक पायरी मागे या. क्रेट गाडीत ठेवून फुटाळ्यापर्यंत किंवा वर्धा रोडला चक्कर मारून आणा, म्हणजे हलणाऱ्या क्रेटचीही ओळख होते.

गुंगीचं औषध देऊ नका. उंचीवर त्याने रक्तदाब आणि श्वास ढासळू शकतो, आणि गुंगीत असलेलं जनावर विमान कंपन्या नाकारतात. सवय हेच औषध.

७. केबिन, लगेज की कार्गो

लहान कुत्रा किंवा मांजर पिशवीसकट साधारण ८ किलोच्या आत असेल तर काही कंपन्या केबिनमध्ये घेतात. लुफ्तान्साची मर्यादा ८ किलोच आहे. त्याहून मोठं जनावर एकतर तुमच्या तिकिटावर जादा लगेज म्हणून, नाहीतर कार्गोने. एमिरेट्ससारख्या कंपन्या केबिनमध्ये कुत्री-मांजरं घेत नाहीत. प्रत्येक विमानात जनावरांची संख्या मर्यादित असते, म्हणून आधी फोन करून जनावराची जागा पक्की करा आणि मगच तुमचं तिकीट काढा. उलटं करणारे अडकतात.

कार्गोचं भाडं क्रेटच्या आकारमानावर लागतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ६०००. म्हणजे १०२ × ६९ × ७६ सेंमीच्या क्रेटचं वजन सुमारे ८९ किलो धरलं जातं, आत कुत्रा अठरा किलोचा असला तरी. दर विचाराल तेव्हा क्रेटची मापं सांगून एकूण रक्कम विचारा, नुसता किलोचा दर ऐकून गाफील राहू नका.

विमान शक्यतो थेट घ्या. बदलायचं असेल तर मधल्या देशाचेही नियम लागू होतात का ते विचारा. युरोपात तपासणी होते ती संघातल्या पहिल्या विमानतळावर, शेवटच्या मुक्कामी नाही.

८. नागपूरहून कुठल्या शहरात?

आपल्या विमानतळाचं नाव आंतरराष्ट्रीय असलं तरी पशु-संगरोध व प्रमाणन सेवेचं, म्हणजे एक्यूसीएसचं केंद्र तिथे नाही. निर्यातीचा आरोग्य दाखला तेच देतात. केंद्रं आहेत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि आता कोचीला. जिथून विमान पकडणार तिथलंच केंद्र गाठा.

सगळे डोळे मिटून मुंबई धरतात. नकाशा पाहा: हैदराबाद आपल्याला जवळ आहे, साधारण ५०० किलोमीटर, सरळ राष्ट्रीय महामार्ग ४४. हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद करत सकाळी निघालं की संध्याकाळपर्यंत पोहोचता येतं. आम्ही तेच केलं. मुंबईला जायचं तर शिवमडक्याहून समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण, ७०१ किलोमीटर. रस्ता छान आहे, पण सावलीची थांबायची ठिकाणं कमी. पाणी घरूनच न्या आणि उन्हाच्या दिवसांत रात्री निघा.

रेल्वेने जायचं तर कुत्रा फक्त एसी फर्स्टमध्ये सोबत बसू शकतो, तेही पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर असेल तर. ते मिळेलच याची खात्री चार्ट लागेपर्यंत नसते. पार्सल ऑफिसात बुकिंग करून गार्डच्या डब्यातल्या पेटीतून नेता येतं, पण मी कुणालाही ते सुचवणार नाही. देशांतर्गत विमानाचं म्हणाल तर इंडिगो पाळीव जनावरं घेत नाही आणि नागपूरची बरीचशी विमानं तिचीच आहेत. स्वतःची किंवा भाड्याची गाडी, हेच बरं. भाड्याची असेल तर चालकाला कुत्रा आहे हे आधी सांगा.

९. शेवटचे दहा दिवस

युरोपचा आरोग्य दाखला सरकारी पशुवैद्यकाच्या सहीनंतर पोहोचेपर्यंत १० दिवसच चालतो. म्हणून हे काम आधी उरकता येत नाही. क्रम असा ठेवा: नागपुरात नोंदणीकृत डॉक्टरांकडून प्रवासाला योग्य असल्याचा दाखला, एक्यूसीएसकडे अर्ज आणि वेळ, प्रत्यक्ष जनावर नेऊन तपासणी, दाखला हातात. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्ट्या मोजा. सोमवार पहाटेचं विमान असेल तर दाखला शुक्रवारीच मिळायला हवा. दिवाळीच्या आठवड्यात प्रवास टाळा.

सोबतची फाइल, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि मूळ प्रत वेगळी:

- लसीकरण पुस्तिका आणि चिपचा दाखला
- टायटर टेस्टचा मूळ रिपोर्ट
- नागपूरच्या डॉक्टरांचा आरोग्य दाखला
- जायच्या देशाच्या नमुन्यातला दाखला, आधीच भरून ठेवलेला
- जनावर विक्रीसाठी नाही, ते माझंच आहे असं मालकाचं सहीचं निवेदन
- पासपोर्ट, व्हिसा, तिकीट
- जनावराचे समोरून आणि बाजूने काढलेले फोटो
- आयात परवाना, जिथे लागतो तिथे
- दुसरं कुणी नेणार असेल तर त्याच्या नावे लेखी परवानगी

दाखला हातात पडला की काउंटर सोडण्याआधी चिपचा आकडा, लसीची तारीख, रक्ताची तारीख आणि तुमच्या नावाचं स्पेलिंग वाचून घ्या. तिथे दुरुस्ती मिनिटांची असते. फ्रँकफर्टला पोहोचल्यावर ती होत नाही.

१०. निघायचा दिवस

विमानाच्या चार-सहा तास आधी हलकं खाणं, त्यानंतर फक्त पाणी. पाण्याची वाटी आदल्या रात्री भरून फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ हळूहळू वितळतो, चढवताना सांडत नाही. क्रेटच्या तळाशी शोषून घेणारे पॅड. वर ‘जिवंत प्राणी’ आणि वरच्या दिशेचे बाण, शिवाय तुमचं नाव आणि दोन्ही देशांतले फोन नंबर. गळ्यात साखळी किंवा चोक कॉलर ठेवू नका, अडकते. पट्टा मात्र तुमच्या हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. सुरक्षा तपासणीत जनावराला क्रेटबाहेर काढायला लावतात आणि त्या गोंगाटात ते हातातून सुटलं तर धरणं कठीण. मांजराला हार्नेस घालाच.

निरोप घेताना रडारड क्रेटपाशी करू नका. जनावर तुमचा चेहरा वाचतं.

११. उतरल्यावर

लाल वाटेने जा आणि जनावर आहे हे कस्टमला स्वतःहून सांगा. ते चिप वाचतात, कागद बघतात. कागद नीट असतील तर काम लवकर आटोपतं. नसतील तर आपल्या खर्चाने परत पाठवणं किंवा क्वारंटाइन, आणि हा निर्णय तिथल्या डॉक्टरांचा.

जर्मनीत पालिकेकडे कुत्र्याची नोंद करून कर भरावा लागतो, घरमालकाची परवानगी आधी घ्यावी लागते आणि कुत्र्याने कुणाचं नुकसान केलं तर त्याचा विमा काही राज्यांत सक्तीचा आहे. चिपचा आकडा टासो या नोंदणीत विनामूल्य घालून ठेवा, हरवलं तर त्याच्यावरूनच सापडतं.

परत भारतात आणायचा विचार मनात असेल तर आयातही वर सांगितलेल्या शहरांतूनच होते, नागपूरला थेट उतरवता येत नाही, आणि एक्यूसीएसची एनओसी विमानात बसण्याआधी हातात हवी.

पोहोचल्याच्या पहिल्या महिन्यात तिथल्या डॉक्टरांकडे जाऊन युरोपीय पेट पासपोर्ट करून घ्या. टायटरचा मूळ रिपोर्ट त्यांना दाखवून तो पासपोर्टात नोंदवून घ्या आणि रेबीजच्या पुढच्या बूस्टरची वेळ तेव्हाच ठरवा, पुस्तिकेतल्या मुदतीच्या निदान दोन आठवडे आधीची.